गिरणगावची उधारीची वही

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी बाजारपेठेतून एक फेरी मारावी. दुकानादुकानांतून पाटावर लाल बांधणीच्या नव्या वह्या मांडलेल्या दिसतात. पहिल्या पानावर कुंकवाने श्री रेखलेली असते, वर हळद, अक्षता आणि झेंडूची दोन फुले. पुढे साळीच्या लाह्या, धने, गूळ आणि बत्तासे. दुकानदाराचा धाकटा मुलगा नवा सदरा घालून बापाशेजारी उभा असतो आणि त्याचे सारे लक्ष बत्ताशांवर असते. आता पुष्कळांचे हिशेब संगणकात गेले, मोबाइलात गेले. तरी या एका दिवसापुरती का होईना, कागदाची वही आणून तिची पूजा करणारे दुकानदार गावोगाव अजून आहेत.

लहानपणी मला या पूजेचे मोठे नवल वाटे. दसऱ्याला आम्ही पाटीवर सरस्वती काढून तिची पूजा करीत असू, ते समजण्यासारखे होते. पण ज्या वहीत ‘अमक्याकडून साखर, चहापूड आणि गोडे तेल यांचे येणे’ एवढेच लिहायचे, तिला फुले कशाला वाहायची? पुढे शाळामास्तर झालो, मुलांना इतिहास शिकवू लागलो, तेव्हा कुठे थोडे उमगू लागले. इतिहास लिहिताना आपण राजांची फर्माने पाहतो, कंपन्यांचे अहवाल पाहतो, पुढाऱ्यांची भाषणे पाहतो. वाण्याची वही मात्र कोणी उघडत नाही. ती रद्दीत जाते, आणि एका वस्तीने कोणाच्या भरवशावर दिवस काढले याचा पुरावाही तिच्याबरोबर रद्दीत जातो.

आज दिवाळीच्या निमित्ताने अशीच एक वही उघडून पाहू. ती आहे मुंबईच्या गिरणगावाची.

*

भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, करी रोड, डिलाईल रोड, वरळी, प्रभादेवी, नायगाव, शिवडी हा गिरणगावाचा मुलूख. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कापडगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ साली ताडदेवला तिची चाती फिरू लागली. मुंबईतली ही पहिली कापडगिरणी. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापर्यंत या शहरात ऐंशीच्या आसपास गिरण्या उभ्या राहिल्या आणि त्यांत सुमारे दीड लाख माणसे राबू लागली. ही माणसे कोठली? सर्वांत जास्त रत्नागिरीची, म्हणजे आमच्या कोकणातली. त्यांच्या जोडीला सातारा, कोल्हापूर, पुणे, नगर इकडची घाटावरची. शेत तुटपुंजे आणि खाणारी तोंडे पुष्कळ, म्हणून घरातल्या एकदोघांनी मुंबई गाठायची आणि मनिऑर्डर गावी धाडायची, असा तो रिवाज होता.

आता एक साधा हिशेब मांडू. समजा, एखादा अठरा वर्षांचा मुलगा बोटीने मुंबईच्या धक्क्यावर उतरला. अंगावर एक सदरा, कनवटीला दोनचार रुपये. गाववाल्याच्या ओळखीने आणि मुकादमाच्या हातावर दस्तुरी ठेवून तो महिन्याच्या पहिल्या तारखेस गिरणीत लागला. त्याचा पहिला पगार त्याला कधी मिळणार? महिना भरल्यावर, असे आपण सहज म्हणू. पण तसे नव्हते. गिरण्यांचा पगार पुढच्या महिन्याच्या मध्यावर होत असे, आणि कित्येकदा त्याहूनही उशिरा. म्हणजे पहिल्या तारखेस कामाला लागलेल्या मुलाच्या हाती पहिला रुपया पडायला सहा आठवडे तरी लागणार.

ही तक्रार फार जुनी आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये परळला गिरणीकामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारच्या कमिशनपुढे ठेवला. त्यात आठवड्याची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, कामावर जखमी झालेल्याला मदत या मागण्या होत्याच. पण त्यांच्याच पंक्तीला आणखी एक मागणी होती. ज्या महिन्याचे काम झाले, त्याचा पगार निदान पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत द्यावा! ‘आत द्यावा’ अशी विनवणी करावी लागली, यावरूनच काय ते समजावे. रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली. पगाराच्या तारखेला मात्र कायद्याचे बंधन यायला १९३६ साल उजाडले, आणि त्या कायद्यानेही मोठ्या कारखान्यांना पुढच्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत मुभा दिली.

मग त्या मुलाने सहा आठवडे खायचे काय?

या प्रश्नाचे उत्तर गिरणीच्या हिशेबात सापडत नाही. ते गिरणीच्या फाटकासमोरच्या गल्लीत सापडते. तेथे एक खाणावळवाली बाई होती, एक वाणी होता आणि दोघांच्या दोन वह्या होत्या.

*

माझी एक आत्या लालबागला खाणावळ चालवीत असे. मी मे महिन्याच्या सुट्टीत तिच्याकडे जाऊ लागलो तेव्हा तिचे चांगले दिवस सरले होते. पण चालत्या दिवसांच्या गोष्टी ती भाकऱ्या थापता थापता सांगत असे, आणि मी पितळेच्या परातीशेजारी बसून त्या ऐकत असे.

खाणावळ म्हटल्यावर वाचकांच्या डोळ्यांपुढे पाटी, टेबले आणि खुर्च्या येतील, तर ते चित्र पुसून टाकावे. चाळीतली एकच खोली. त्याच खोलीत तिचा संसार आणि त्याच खोलीत वीसपंचवीस माणसांचे जेवण. गिरण्या पाळ्यांनी चालत, म्हणून चूल म्हणा की शेगडी म्हणा, ती कधी विझत नसे. सकाळच्या पाळीचे डबे पहाटे भरायचे. रात्रपाळीची माणसे सकाळी भुकेली यायची, ती उठली की दुपारची पंगत. भाकरी किंवा चपाती, आमटी, भात, एक भाजी. कधी सुकट, कधी बांगडा आणि रविवारी वशाट. एखादा गडी गावी गेला किंवा कोठे पाहुणा गेला की तेवढ्या दिवसांचा ‘खाडा’ धरायचा आणि महिन्याच्या हिशेबातून वजा करायचा. पैसे पगाराच्या दिवशी.

या खाणावळी गिरणगावात घरोघर का निघाल्या, याचे कारणही पाहण्यासारखे आहे. कामगारांत बायका-मुले गावी ठेवून आलेले पुरुष फार. दहा-पंधरा जणांनी मिळून एक खोली घ्यायची, ट्रंका भिंतीला लावायच्या आणि पाळीप्रमाणे आळीपाळीने झोपायचे. गावोगावच्या मंडळींच्या अशा खोल्या चाळीचाळीतून होत्या. तेथे अंग टेकायला जागा होती, चूल मांडायला नव्हती. दुसरीकडे बायकांची स्थिती निराळी. १९२० च्या सुमारास गिरण्यांत दर पाच कामगारांमागे एक बाई होती. पुढे ते प्रमाण घसरत गेले. गिरणीचे काम सुटले, किंवा नवरा गेला, किंवा नवऱ्याच्या एकट्याच्या पगारात भागेना, की बाईच्या हाती एकच भांडवल उरे. ते म्हणजे तिला येणारा स्वयंपाक. तिला परवाना नको होता, पागडी नको होती. चार पातेली आणि वाण्याची पत एवढ्यावर तिचा धंदा उभा राहत असे.

आणि नवा मुलगा गावाहून आला की कोणीतरी गाववाला त्याला हाताला धरून तिच्या दारी आणी. ‘बाई, हा आमचा. पगार झाला की देईल.’ एवढ्या एका वाक्यावर त्याचे ताट मांडले जाई. माझी आत्या निरक्षर होती. तिची वही शेजारचा एक शाळकरी मुलगा लिही. पण सही नाही, जामीनखत नाही, अंगठा नाही. ज्या गाववाल्याने हात धरून आणला, त्याची अब्रू हाच जामीन.

*

आता वाण्याकडे वळू. गिरणगावातले किराणावाले बहुधा गुजराती, कच्छी किंवा मारवाडी. काही आपल्या मराठी वाण्यांचीही दुकाने. दुकानाच्या दर्शनी भागी ‘आज रोख, उद्या उधार’ अशी पाटी आणि त्याच पाटीखाली उधारीची वही चालू! वाणी खाणावळवालीला तांदूळ, डाळ, तेल महिन्याच्या बोलीवर देई. ज्यांचा संसार मुंबईत होता, त्या कामगारांच्या घरीही त्याचाच माल जाई. पोरगे हातात तेलाची बाटली घेऊन दुकानात येई आणि नुसते बापाचे नाव सांगे. तेवढ्यावर बाटली भरे आणि वहीत एक ओळ वाढे.

हा वाणी कोणी संत होता, असे मी मुळीच म्हणत नाही. उधारीच्या मालाला तो चार पैसे चढे लावी. मापात पाप करणारेही होते, तांदळात खडे मिसळणारेही होते. पगाराच्या संध्याकाळी घरी जाणाऱ्या कामगाराला वाटेत गाठून आधी वही चुकती करायला लावणारेही होते. कामगारांच्या घरखर्चाची मुंबईत १९२१-२२ साली सरकारी पाहणी झाली, तेव्हा जवळजवळ निम्मी कुटुंबे कर्जात आढळली होती. सावकाराचा दर रुपयाला दरमहा एक आणा असे. मुलांनो, करा त्रैराशिक! वर्षाला शेकडा पंचाहत्तर टक्के झाले. पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकावर काठी टेकून उभा राहणारा पठाण सावकार तर गिरणगावातल्या प्रत्येक म्हाताऱ्याच्या आठवणीत असे.

तथापि वाणी आणि फाटकावरचा सावकार यांत एक भेद होता, आणि माझ्या मते तोच महत्त्वाचा. सावकाराचे रुपये कोणत्याही फाटकावर चालत. ही गिरणी बंद पडली तर तो पुढच्या गिरणीकडे जाई. वाण्याला पाय नव्हते. त्याचे दुकान चाळीच्या तळमजल्याला चिकटलेले आणि त्याच्या वहीतली नावे त्याच चाळीच्या जिन्यांवरून चढत-उतरत होती. चाळ उपाशी राहिली तर वही बुडाली. त्याने दिले ते दयेने दिले की स्वार्थाने, हा वाद व्यर्थ आहे. त्याचा स्वार्थ आणि चाळीचे पोट यांची गाठ पक्की बसलेली होती.

या गाठीचा फायदा सर्वांत अधिक कोणाला झाला, हेही सांगितले पाहिजे. दीड लाख कामगारांचा पंधरा दिवसांचा पगार गिरण्यांच्या तिजोऱ्यांत कायमचा अडकून असे. सरासरी महिना तीस रुपये पगार धरला तर ही रक्कम साडेबावीस लाख रुपये होते. इतके बिनव्याजी भांडवल गिरण्यांना कोणी पुरवले? दिसायला कामगाराने, पण त्याच्याजवळ होते कोठे? त्याच्यामागे खाणावळवाली उभी होती, तिच्यामागे वाणी आणि वाण्यामागे मशीद बंदरकडचा घाऊक व्यापारी. कापसाचे भाव आणि मालकांचे धोरण यांवर गिरण्यांचा इतिहास लिहिताना, त्या गिरण्या आत्याच्या परातीवरही चालत होत्या, ही गोष्ट नोंदवायची राहून गेली.

*

गाठ किती पक्की आहे ते ताण पडल्यावर कळते. गिरणगावाला तसा ताण अनेकदा पडला.

१९२८ चा संप त्यांतला एक मोठा. विणकराने दोनांऐवजी तीन माग सांभाळावेत, असे बेत मालकांनी काढले होते. कामगार कमी होणार आणि मजुरी कापली जाणार, हे दिसत होते. एप्रिल महिन्यात गिरण्या बंद पडू लागल्या आणि थोड्याच दिवसांत जवळजवळ सगळ्या थंडावल्या. गिरणी कामगार युनियन जन्मली ती याच संपात. ना. म. जोशी, श्रीपाद अमृत डांगे, अर्जुन आळवे ही नावे तेव्हा घरोघर झाली. संप मिटला ऑक्टोबरात, फॉसेट समितीची नेमणूक झाल्यावर. मध्ये सहा महिने गेले.

सहा महिने पगार नाही, तेव्हा दीड लाख माणसे जगली कशी? काहींना संप समितीने धान्य वाटले. हजारो लोक गावी गेले; पावसाळा तोंडावर होता, भाताची लावणी होती, गावाने त्यांना कामही दिले आणि भातही. जे मुंबईत राहिले, त्यांची भिस्त वाण्यावर. पहिला महिना वाणी फारसे बोलला नाही. असे संप मिटतात, हे त्याला माहीत होते. पुढे पुढे मात्र त्याच्या तोंडचे पाणी पळू लागले. देणे थांबवावे तर मागले सारे बुडते आणि चालू ठेवावे तर घाऊक व्यापारी त्याचीच पत तोडतो. त्याने हात आखडला, पण एकदम मूठ मिटली नाही. संपाच्या इतिहासात पुढाऱ्यांची नावे आहेत आणि ती असलीच पाहिजेत. पण संप जितका लांबला, तितका लांबवण्यात वाण्याच्या वहीतल्या कोऱ्या पानांचाही वाटा होता.

वाणी आणि खाणावळवाली यांच्याभोवती आणखी कितीतरी छोटे धंदे होते. कोपऱ्यावरचा इराणी एक कप चहावर तासभर वर्तमानपत्र वाचू देई. ज्याला वाचता येत नसे त्याला शेजारचा वाचून दाखवी. मिरची गल्लीतले दुकानदार वर्षाचा मसाला कुटून देत, आणि आज दिवाळीचा फराळ विकत आणणारी मुंबईकर मंडळी ज्या चिवडा गल्लीत गर्दी करतात, तीही येथलीच. बोहारीण, शिंपी, न्हावी, कोळीण या सगळ्यांचा व्यवहार ओळखीवर चाले.

या छोट्या धंदेवाल्यांनी गिरणगावाला आणखी एक देणगी दिली आहे. ती सर्वांना ठाऊक आहे, पण ती कोणाची हे पुष्कळांना ठाऊक नाही. लालबागजवळ पेरू चाळ येथे एक बाजार भरत असे, तो १९३२ साली बंद झाला. मासे विकणाऱ्या कोळिणी आणि किरकोळ विक्रेते उघड्यावर आले. आपल्याला हक्काची जागा मिळावी म्हणून त्यांनी गणपतीला नवस बोलला. पुढे स्थानिक पुढाऱ्यांच्या खटपटीने आणि जमीनमालकाच्या अनुकूलतेने जागा मिळाली, बाजार उभा राहिला आणि नवस फेडण्यासाठी १९३४ साली त्यांनी तेथे गणपती बसवला. तोच आजचा लालबागचा राजा! भाद्रपदात ज्याच्या दर्शनाला लाखो लोक रात्र रात्र रांगेत उभे राहतात, तो मुळात कोळिणींच्या टोपलीचा आणि फेरीवाल्याच्या तागडीचा गणपती आहे.

*

स्वातंत्र्य आले, कायदे आले, महागाई भत्ता आणि बोनसही आला. पण पगाराच्या तारखेपर्यंत उधारीवर जगण्याची रीत काही मोडली नाही. १९७४ साली गिरण्यांत ४२ दिवसांचा संप झाला. त्याही वेळी खाणावळवाल्यांनी ताटे बंद केली नाहीत. त्यासाठी कित्येकींनी डाग गहाण टाकले, भांडी मोडली, सावकाराकडून जबर व्याजाने पैसे काढले. संप मिटला, कामगार कामावर गेले आणि या बायका कर्जात रुतून बसल्या. त्यांच्यासाठी कोणाचे फलक लागले नाहीत. कारण त्या कोणत्याच युनियनच्या सभासद नव्हत्या.

ही गोष्ट एका बाईच्या नजरेला आली. प्रेमा पुरव या गोवा मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या, पुढे कामगार चळवळीत आलेल्या कार्यकर्त्या. त्यांनी १९७५ साली या खाणावळवाल्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. १९६९ मध्ये चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते आणि ‘बँका आता गरिबांच्या’ अशी भाषा चालू होती. पुरवबाई खाणावळवाल्यांना घेऊन बँकेच्या दारी गेल्या. कर्ज हवे, तारण काय? काहीच नाही. मग या बायकांनी गट केले आणि एकमेकींना जामीन राहिल्या. एकीने थकवले तर बाकीच्यांनी भरायचे. बँकेला ती युक्ती नवी वाटली असेल. गिरणगावाला ती जुनीच होती. ‘बाई, हा आमचा’ असे म्हणून गाववाला ज्याला दारी आणीत असे, त्याचे ताट याच जामिनावर तर मांडले जाई!

आणि मग १९८२ साल आले.

१८ जानेवारी १९८२ या दिवशी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांत बेमुदत संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. १९४६ च्या कायद्याप्रमाणे एकाच मान्यताप्राप्त संघटनेला बोलणी करण्याचा अधिकार होता आणि कामगार तर दुसऱ्याच्या मागे गेलेले होते. तेव्हा बोलणी करायची कोणी आणि कोणाशी, इथेच गाडे अडले. सहा महिने झाले, वर्ष झाले, दीड वर्ष झाले. संप मागे घेतल्याची घोषणा अशी कधी झालीच नाही. तो विरत गेला. सरकारने १९८३ मध्ये तेरा गिरण्या आपल्या व्यवस्थापनाखाली घेतल्या. पुष्कळ गिरण्या पुन्हा धड सुरू झाल्या नाहीत आणि हजारो कामगारांना परत कामावर घेतलेच नाही.

वही इथे संपली. पूर्वीच्या संपांत वाण्याला आशा होती की, आज ना उद्या भोंगा वाजेल आणि पगार होईल. या वेळी भोंगा वाजला नाही. कामगार ट्रंका उचलून गावी गेले, कोणी भाजी विकू लागले, कोणी पहारेकरी झाले. खाणावळींतली ताटे वीसची दहा झाली, दहाची चार झाली. वाण्यांनी दुकाने विकली. गिरण्यांच्या जमिनींना पुढे सोन्याचा भाव आला. लोअर परळला फिनिक्स मिलमध्ये जेथे कामगार पाळीवर जात, तेथे आज भव्य मॉल आहे. तेथे सर्व काही मिळते आणि उधारही मिळते. फक्त ते कार्डावर मिळते. कार्डाला माणसाची मिळकत कळते. तो कोणत्या गावचा, त्याला कोणी हात धरून आणले आणि यंदा त्याच्या घरी लावणी झाली का, हे त्याला कळत नाही. त्याला कळण्याची गरजही नाही, कारण माणूस बुडाला तरी कार्ड देणारा त्याच्याबरोबर बुडत नाही.

*

कोणी म्हणेल, मास्तर, हा सारा गतकाळाचा उमाळा झाला. उधारीत माणूस बांधला जातो, हे तुम्हीच सांगितलेत. तीच साखर मोबाइलवर चार रुपयांनी स्वस्त आणि घरपोच मिळते, ती का घेऊ नये? घ्यावी. मीही घेतो. पगारदार माणसाला चार रुपये सोडून कसे चालेल? पण २०२० च्या मार्च महिन्यात टाळेबंदी लागली तेव्हाचे दिवस आठवून पाहावेत. आमच्या गावात मोबाइलवर मागवलेले सामान कित्येक दिवस आले नाही. नाक्यावरच्या दुकानदाराने मात्र फळी अर्धी उघडी ठेवून, तोंडाला रुमाल बांधून, यादीप्रमाणे पुड्या दिल्या. ज्यांची मजुरी बुडाली होती त्यांना त्याने पैसे विचारले नाहीत, नावे विचारली नाहीत; नावे त्याला ठाऊकच होती. मी आत्याची गोष्ट ऐकून वाढलेला माणूस, मला त्या वहीची ओळख लगेच पटली.

स्वस्ताई ही मोठी गोष्ट आहे, पण ती चांगल्या दिवसांतली गोष्ट आहे. जो आपल्याबरोबर बुडू शकतो, तोच वाईट दिवसांत आपल्याला तरंगत ठेवण्याची धडपड करतो. गावातल्या, गल्लीतल्या छोट्या धंद्याचे मोल मला तरी एवढ्या एकाच गोष्टीत दिसते. गिरणगावाने ते सव्वाशे वर्षे अनुभवले.

आत्याकडची माझी शेवटची सुट्टी मला आठवते. तेव्हा मी आठवीत होतो. खाणावळीत जेवणारे तिघेच उरले होते आणि वही लिहिणारा शेजारचा मुलगा नोकरीला लागला होता, म्हणून वही माझ्या हाती आली. मी मागची पाने चाळू लागलो. १९८२ ची पाने होती. नाव, गाव, महिना, आकडा. पुढचा महिना, आकडा. पुन्हा पुढचा महिना. देवरुखचा कोणी, पाटणचा कोणी, मालवणचा कोणी. एकाही नावावर रेघ नव्हती.

मी शाळेत हुशार मुलगा म्हणून ओळखला जाई. मी म्हटले, “आत्या, हे आता कोण देणार? ही नावं खोडून टाकू का? नवीन वहीत तेवढं लिहायचं वाचेल.”

ती चपाती लाटत होती. तिने मान वर केली नाही. “पैसे आले की रेघ मारायची असते, बाबा,” ती म्हणाली. “आले नाहीत ना अजून?”

त्या वर्षी दिवाळीला मी तिच्याकडे नव्हतो. पण माझे वडील गेले होते, त्यांनी सांगितले. लक्ष्मीपूजनाला आत्याने पाट मांडला, रांगोळी काढली आणि नवी वही ठेवली. तिच्याखाली तिने ती जुनी वहीही ठेवली होती, आणि तिलाही हळदकुंकू लावले होते.